ओरिस पॉइंटर डेट: आत सेलिटाचं मशीन, वापर जळगावचा

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाले म्हणून आता लिहितोय, घेतल्या घेतल्या डब्याचे फोटो टाकून कौतुक करण्यात काही अर्थ नव्हता. घड्याळ म्हणजे ओरिस या स्विस कंपनीचं बिग क्राऊन पॉइंटर डेट, ४० मिमीवालं, निळी डायल. किंमत लाखाच्या बरीच वर, त्यामुळे घरात पहिली प्रतिक्रिया "एवढ्यात सोनं आलं असतं" हीच होती, आणि जळगावात राहून ते ऐकायला मिळणार हे धरूनच चालायचं. दुसरी प्रतिक्रिया अमळनेरच्या आतेभावाची. त्याने मागच्या काचेतून आत बघितलं, मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "इतला पैसा कसाले दिधात भो, मशीन ते दुसरानं शे!"

तर हो, मशीन दुसऱ्याचं आहे. ओरिस त्याला ७५४ म्हणते पण मूळ मशीन सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू २००-१, आणि ओरिस हे लपवत नाही, माहितीत स्पष्ट लिहिते. मला ते घेण्याआधीच माहिती होतं, किंबहुना घेण्यामागचं निम्मं कारण तेच होतं, ते पुढे सांगतो.

आधी वापराचं. २६ ज्वेल (आतलं घर्षण कमी करणारे बारीक खडे), सेकंदाला ८ ठोके, म्हणून सेकंदकाटा टकटक न करता घसरत जातो. माझं घड्याळ दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे जातं, रात्री चावी वर करून आडवं ठेवलं की त्यातलं थोडं भरून येतं. आठवड्यातून एकदा वेळ मिळवली की पुरतं, आणि ज्याला यापेक्षा अचूक पाहिजे त्याने सरळ बॅटरीवरचं क्वार्ट्झ घ्यावं, हजार रुपयांचं क्वार्ट्झ याच्यापेक्षा बरोबर वेळ दाखवतं. तारखेला खिडकी नाही, मधूनच निघालेला लाल टोकाचा चौथा काटा डायलच्या कडेने १ ते ३१ फिरतो. कंपनी हे १९३८ पासून करतेय. दिसायला झकास, पण तीस दिवसांचा महिना संपला की १ तारखेला स्वतः पुढे ढकलायचा, आणि चष्मा नसेल तर २३ आहे की २४ ते अंदाजानेच.

पॉवर रिझर्व्ह, म्हणजे हातातून काढल्यावर ते चालत राहतं तेवढा वेळ, ३८ तास. हे कागदावर बरं वाटतं. पण रविवारी मी रावेरकडे शेतावर जातो आणि केळीचा चीक पट्ट्याला लागला की डाग जन्मात निघत नाही, म्हणून शनिवारी रात्री घड्याळ कपाटात. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते शेवटचे श्वास घेत असतं. मग चावी दे, वेळ लाव, तारीख बघ. ओरिसचंच स्वतःचं मशीन कॅलिबर ४००, २०२० मध्ये आलेलं, पाच दिवस चालतं आणि त्यावर दहा वर्षांची वॉरंटी मिळते, पण ते असलेली घड्याळं बरीच महाग. नुसत्या रविवारसाठी तेवढे जास्तीचे पैसे देणं मला पटलं नाही.

आता निम्म्या कारणाकडे येतो. मध्ये एकदा घड्याळ अचानक दिवसाला मिनिटाच्या वर पुढे पळायला लागलं. आमच्या इथले घड्याळवाले काका, वडिलांचं एचएमटी जनता त्यांच्याच हातून तेलपाणी होतं, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी भिंग लावून मागच्या काचेतून बघितलं आणि लगेच म्हणाले, "वरचा लाल रोटर यांचा, खाली आपलं २८२४ सारखंच दिसतंय की." (रोटर म्हणजे चावी भरणारं फिरतं वजन, २८२४ चं पुढे सांगतो.) बरोबरच ओळखलं. होकायंत्र जवळ नेलं तर सुई हलली, म्हणजे चुंबक धरलं होतं, घरातला ब्लूटूथ स्पीकर आणि घड्याळ एकाच टेबलावर असतात. घड्याळ न उघडता दोन मिनिटांत डिमॅग्नेटाइझ करून दिलं, टायमिंग मशीनवर ठोके दाखवले आणि पैसे घ्यायला तयार नाहीत. वॉरंटी संपल्यावर सर्व्हिसिंगलाही हे मशीन खोलायला ते बिनधास्त तयार आहेत, कारण या जातीची मशीनं त्यांनी कित्येक खोललीत.

याच्या उलट माझ्या एका मित्राचं. मोठ्या नावाचं घड्याळ, आत कंपनीचं स्वतःचं मशीन, नाव घेत नाही. ते बिघडलं तर आधी मुंबई, मग म्हणे परदेशात पार्टसाठी, सणवार सगळे गेले तरी घड्याळ घरी नाही. मुंबई-पुण्यातल्या माणसाला त्याचा एवढा फरक पडत नसेल, आपल्याला पडतो, इकडे धुळे-जळगाव-नंदुरबारात कोण उघडणार ते?

ही २८२४ ची भानगड थोडक्यात अशी. ईटीए ही स्विस मशीनं बनवणारी मोठी कंपनी, स्वॉच ग्रुपची, आणि तिचं २८२४ कितीतरी ब्रँडांच्या घड्याळात. सेलिटा १९५० पासूनची, ला शो-द-फोंची, ती बरीच वर्षं ईटीएचीच मशीनं जुळवून द्यायची. २००२ मध्ये स्वॉच ग्रुपने जाहीर केलं की बाहेरच्यांना सुट्या स्वरूपातली मशीनं देणं आम्ही बंद करणार, मग ओरड झाली, स्विस स्पर्धा आयोग मध्ये पडला, आणि तोवर २८२४ चं पेटंट संपलेलं असल्याने सेलिटाने त्याच रचनेचं एसडब्ल्यू २०० काढलं, एक ज्वेल जास्त. बरेचसे पार्ट एकमेकांना चालतात. टॅग ह्यूअरचं 'कॅलिबर ५' म्हणतात त्यातही यापैकीच एक असतं, फक्त नाव वेगळं, आणि माझा आक्षेप असेल तर तो या नाव बदलण्यावर आहे, मशीन बाहेरून घेण्यावर नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगा ना.

आतेभावाला मी रोलेक्सचं उदाहरण दिलं तेव्हा त्याला खरंच वाटेना. १९८८ ते २००० पर्यंत रोलेक्सच्या डेटोना मॉडेलात झेनिथ कंपनीचं एल प्रिमेरो हे मशीन होतं. अर्थात रोलेक्सने ते जसंच्या तसं नाही वापरलं, तासाचे ३६,००० ठोके २८,८०० वर आणले, तारीख काढली, बॅलन्स (ठोके देणारं चाक) आपला बसवला. आणि गंमत म्हणजे ते मशीन वाचलंच नसतं. १९७५ मध्ये झेनिथच्या तेव्हाच्या अमेरिकन मालकांनी हुकूम काढला की यांत्रिक घड्याळं बंद, हत्यारं भंगारात घाला. शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिराने ती सगळी हत्यारं, डाय, आराखडे, नोंदी कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. ते नसते तर नंतर रोलेक्सला द्यायला काही उरलंच नसतं. आज त्याच काळातल्या डेटोनांसाठी लोक वेडे होतात, तिथे कुणी म्हणत नाही मशीन दुसऱ्याचं आहे.

पाटेक फिलिपची क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवाली घड्याळं, कित्येक वर्षं लेमानिया कंपनीच्या मशीनवर चालली. १९७२ चं ऑडेमार्स पिगे रॉयल ओक, त्यातलं मशीन जेगर-लेकुल्त्रच्या ९२० वरून आलेलं, आणि खुद्द जेगरने ते आपल्या घड्याळात कधी वापरलं नाही! आपल्याकडे एचएमटीची सुरुवातसुद्धा सिटिझनच्या तंत्रज्ञानावर झाली, १९६१ मध्ये बंगळुरात, पण जनता हातात बांधून कोणी स्वतःला फसलेलं समजलं नाही. भरीत चांगलं झालं तर वांगी बामणोदची आहेत हे आपण मुद्दाम सांगतो, भरीतवाल्याने वांगी स्वतः का नाही पिकवली असं कोणी विचारत नाही.

पण एक खरं. सगळी सेलिटा सारखी नसतात, एकाच मशीनचे वेगवेगळे ग्रेड येतात, आणि कमी-जास्त ट्यूनिंग कंपनी कंपनीवर आहे. म्हणून "यातही तेच मशीन, निम्म्या किमतीत" असं सांगून कोणी दुसरं घड्याळ विकत असेल तर ग्रेड कोणता ते विचारा. तरी मान्य करतो, माझ्या पैशातला मोठा हिस्सा डायल, केस, काटे आणि नाव यांचाच आहे, मशीनचा नाही. मला डायल आवडली म्हणून दिले. ज्याला फक्त आतलं यंत्र हवंय त्याने एवढे देऊ नयेत, खरंच.

बाकी किरकोळ: पाणी ५ बारपर्यंत, म्हणजे पावसात भिजलं तर काळजी नाही पण तापीत उड्या मारू नका. पुढची काच सफायर, अजून एक चरा नाही. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हाही मनगटावर घड्याळाच्या चालीत मला फरक जाणवला नाही, फक्त गाडीच्या डिकीत ठेवू नका. चामड्याचा पट्टा मात्र घामाने कडक झाला आणि वास मारायला लागला, त्यामुळे घेतानाच नायलॉनचा एखादा जास्तीचा घ्या, फुले मार्केटात शे-दोनशेला मिळतो आणि केळीचा चीक लागला तर फेकून देता येतो.