स्वमग्न, स्पेशल की ऑटिस्टिक: कुठे काय म्हणाल?

मुलाचं ऑटिझमचं किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या अवस्थेचं निदान हातात आलं की पुढचा प्रश्न: लोकांना सांगायचं काय? नाशिकमध्ये सिव्हिलला एक शब्द, शाळेत दुसरा, नातेवाइकांत तिसराच.

सरकारी कागदावर निवडीला वाव नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, दाखल्यावर त्यातलंच नाव लागतं. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता तिथे वेगवेगळ्या धरल्या आहेत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ) मात्र त्या यादीत स्वतंत्र नाव नाही. तेव्हा नुसत्या त्या निदानावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळेल असं धरून चालू नका. सोबत डिसलेक्सियाची, म्हणजे वाचन फार जड जाण्याची, शंका असेल तर ती तपासणी वेगळी करून घ्या, कारण ती विशिष्ट अध्ययन अक्षमतेत मोडते. 'दिव्यांग' शब्द कुणाला खटकतो, पण अर्जावर तो बिनदिक्कत लिहा. जुन्या फाइलीत 'अ‍ॅस्पर्जर' असेल तर गोंधळू नका, 2013 साली डीएसएम-5 या मानसिक निदानांच्या अमेरिकी पुस्तिकेने ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच घेतलं.

खरी निवड घरात असते. मराठी लेखांत ऑटिस्टिक मुलासाठी 'स्वमग्न' सर्रास दिसतो, मला तो पटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, पोराला कुणी नकोच आहे. वरातीत नाशिक ढोल सुरू झाल्यावर दोन्ही कान दाबून आईच्या पदरात शिरणाऱ्या मुलाला बाहेरचं सगळं सोसवेना इतकं ऐकू येत असतं. 'स्पेशल चाइल्ड' लोक मायेनं म्हणतात, पण त्यातून समोरच्याला काही कळत नाही. त्यापेक्षा सरळ सांगा: "मावशी, त्याला ऑटिझम आहे, ढोलाचा आवाज सहन होत नाही. आम्ही हॉलच्या मागच्या बाजूला बसतो." मावशी स्वतःच खुर्च्या हलवायला लागते.

'न्यूरोडायव्हर्जंट', म्हणजे मेंदू वेगळ्या रीतीनं चालणारे, ही मोठी छत्री आहे. ऑटिझम, एडीएचडी, डिसलेक्सिया सगळे तिच्याखाली येतात. पालकांच्या गटात तो शब्द छान, शाळेत अपुरा. बाईंना नेमकं निदान आणि मुलाला काय जड जातं ते हवं असतं. 'मतिमंद' कुणी म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा.

राहिलं 'ऑटिझम असलेला' की 'ऑटिस्टिक'. थेरपिस्ट बहुधा पहिलं म्हणतात. मोठ्या वयाच्या अनेक ऑटिस्टिक लोकांना दुसरं आवडतं, कारण ऑटिझम बाजूला काढून उरेल असं वेगळं 'मी' त्यांना मान्य नाही. मूल लहान असेल तर दोन्ही चालतील. दहावीच्या आसपासचं असेल तर त्यालाच विचारा, आणि ते सांगेल तोच शब्द आजी-आजोबांनाही वापरायला लावा.