मिश्रणाची शाब्दिक उदाहरणे कारणासह शिकवणारा जळगावचा एक वर्ग

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे बरेचसे शिकवणी वर्ग मिश्रणाच्या उदाहरणांसाठी फुलीची युक्ती (दोन भाव व मिश्रणाचा भाव फुलीत मांडून तिरक्या वजाबाकीने प्रमाण काढणे) सांगून मोकळे होतात. जळगावातील ज्या वर्गात मी गुणोत्तर व प्रमाणाचा भाग शिकलो, तेथे मात्र युक्तीच्या आधी तिचे कारण समजावले जाते, आणि या वर्गाची शिफारस मी त्याच एका गोष्टीसाठी करत आहे.

सरांनी पहिले उदाहरण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी व उडीद मिसळून केलेल्या, पिठाचे घेतले. ज्वारी 40 रुपये किलो व उडीद 120 रुपये किलो धरले, तर 60 रुपये किलोचे मिश्रण होण्यासाठी दोन्ही कोणत्या प्रमाणात घ्यावेत? 60 च्या भावाने किलोभर ज्वारीमागे 20 रुपये सुटतात, तर किलोभर उडदामागे 60 रुपये कमी पडतात. ही तूट भरून निघण्यासाठी एक किलो उडदाला तीन किलो ज्वारी लागते, म्हणून प्रमाण 3:1. एवढे फळ्यावर मांडून झाल्यावरच सरांनी फुली काढली, तेव्हा तिरक्या रेघांच्या टोकांना येणारे 60 आणि 20 हे आकडे कोठून येतात हे कोणाला विचारावे लागले नाही.

पुढचे उदाहरण सराफ बाजाराला शोभणारे होते: 24 आणि 18 कॅरट सोने 2:1 प्रमाणात वितळवल्यास 22 कॅरट मिळते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) अशीच सुवर्णगणिते आहेत आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे आहे, हेही सरांनी आवर्जून सांगितले.

शुल्क वाजवी आहे, बैठकव्यवस्था दाटीची आहे.

छापील टिपणांत मात्र काढून-भरण्याच्या उदाहरणांना जेमतेम अर्धे पान दिले आहे, आणि ही उणीव मोठी आहे. 40 लिटर दुधातून 4 लिटर काढून तेवढेच पाणी घातले आणि ही कृती पुन्हा एकदा केली, तर उरलेले दूध 32 नव्हे, 32.4 लिटर असते, कारण दुसऱ्या वेळी काढलेल्या 4 लिटरमध्ये 0.4 लिटर पाणीही असते. सूत्र पाठ असूनही मुले येथेच अडखळतात, तेव्हा पुढील आवृत्तीत या प्रकाराची निदान दहा उदाहरणे पायऱ्यांसह द्यावीत.