टेक्ट्रॉनिक्स ४६५: जुन्या ऑसिलोस्कोपसोबतचे दहा महिने

गेल्या जुलैत मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मला टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र, मिळाले. १९७२ साली आलेले हे १०० मेगाहर्ट्झचे, दोन चॅनेलचे (एकाच वेळी दोन सिग्नल दाखवणारे) मॉडेल आता माझ्या टेबलावर रोज चालते आणि पडद्यावरची त्याची बारीक, स्वच्छ रेषा पाहून अजूनही समाधान वाटते. मात्र सुरुवातीचे दोन महिने कसोटीचे गेले. पुण्याच्या पावसाळी हवेत पहिल्या चॅनेलवरचा सिग्नल मधूनच नाहीसा होई आणि व्होल्ट्स प्रति डिव्हिजनचा नॉब (पडद्यावरचे एक घर किती व्होल्टचे ते ठरवणारा) जरा हलवला की परत येई.

अशा वेळी ट्रान्झिस्टर बदलायला घेण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी जोडण्या पाहाव्यात, कारण वर्षानुवर्षे दमट जागी पडून राहिलेल्या यंत्रात कॉन्टॅक्टवर थर चढलेला असतो.

मी प्रोबपासून, म्हणजे सिग्नल यंत्रात आणणाऱ्या केबलपासून, सुरुवात केली. यंत्रातल्याच १ किलोहर्ट्झ, ३०० मिलिव्होल्टच्या कॅलिब्रेटरला (ठरावीक चाचणी सिग्नल देणाऱ्या भागाला) सिग्नल एक दशांश करणारा दहापट प्रोब लावून घरामागे ५ मिलिव्होल्टचा टप्पा निवडला, तर चौकोनी लहर ६ घरे उंच दिसायला हवी. प्रोब यंत्राला जोडणाऱ्या बीएनसी कनेक्टरजवळ केबल वाकवताच ती कोसळली. आतली तार तुटलेली होती. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नवा प्रोब आणला, तरी दोष पुरता गेला नाही. इनपुट ग्राउंडवर ठेवूनही, म्हणजे बाहेरचा सिग्नल तोडूनही, रेषा उडत होती, म्हणजे उरलेला दोष यंत्राच्या आत होता.

नॉबमागच्या अटेन्युएटरमध्ये, म्हणजे सिग्नल टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्या भागात, कॅमवर (उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर) चालणारे नाजूक कॉन्टॅक्ट बोर्डावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या जागांवर टेकतात. प्लग काढून, चित्रनळीच्या उच्च व्होल्टेजच्या भागापासून हात दूर ठेवून, मी जाड कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवली, एकेका कॉन्टॅक्टखाली सरकवली आणि हलकेच ओढून काढली. कागदावर करडी रेघ उमटली. तिसऱ्या पट्टीवर ती दिसेनाशी झाली. पॉलिश पेपर मुळीच वापरू नये, त्याने सोन्याचा पातळ थर निघून जातो. तेलकट स्प्रेही नको, कारण इनपुट १ मेगओहमचा असल्याने मागे राहिलेल्या थरातून होणारी किंचित गळतीही मापनात उतरते. सॉकेटमधले ट्रान्झिस्टरही एकेक करून काढले आणि पाय पुसून त्याच जागी बसवले.

तेव्हापासून काम करताना सिग्नल गेलेला नाही. यंत्र आठवडाभर बंद राहिले, तर १० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर नॉब दोनतीनदा मागेपुढे फिरवावा लागतो. तेवढा एक कॉन्टॅक्ट यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा साफ करणार आहे.