सूचौचं दुहेरी भरतकाम: हिवाळ्यात घेतलं, पावसाळा काढला, आता लिहितोय

चीनमधल्या सूचौला राहायला आल्यापासून घेऊ घेऊ चाललं होतं, शेवटी ताईहू तळ्याकाठच्या झेनहूमधून घेतलंच, तिथे घरोघरी बायका हेच काम करतात. टेबलावर ठेवायचा छोटा लाकडी स्टँड, मधे काचेआड झिरझिरीत कापडावर दोन गोल्डफिश, दोन्ही बाजूंनी सेम टू सेम. गाठ कुठेच दिसत नाही, धाग्याची टोकं टाक्यांखालीच दडवतात. आल्यागेल्याला मी फिरवून फिरवून विचारतो, सांगा उलटी बाजू कुठली!

खरी कमाल शेपटीत आहे. रेशमाच्या एका धाग्याचे आठ, सोळा, कधी त्याहूनही जास्त पदर सोडवतात आणि एकेका पदराने भरतात, त्यामुळे अंग भरीव आणि शेपूट जवळजवळ आरपार. शिवाय रेशीम चमकतं, त्यामुळे एकच केशरी धागा आडवा घातला की एक छटा आणि तिरका घातला की दुसरी, म्हणून सकाळच्या उन्हात आणि रात्री दिव्यात मासे वेगळेच दिसतात. हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळलंच नव्हतं, घरी रोज येताजाता बघून कळलं. उजेड-सावलीचा हा खेळ शेन शोऊ या भरतकाम करणाऱ्या बाईंनी पार पोर्ट्रेटपर्यंत नेला, त्यांनी भरलेल्या इटलीच्या राणीच्या चित्राला १९११ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं.

आई आली तेव्हा म्हणाली, पारशी बायकांच्या गाऱ्यासारखंच (त्यांची भरतकामाची साडी) आहे की. नातं आहेच, पण गारा मुंबईत आला कँटनच्या व्यापारातून, म्हणजे दक्षिण चीनकडून, सूचौचा हात त्याहून नाजूक.

आता तक्रारी. 'सगळं रेशीम' म्हणून विकतात पण खालचं कापड बऱ्याचदा नायलॉनचं असतं, माझंही तेच निघालं. टिकायला चांगलं आहे म्हणा, पण आधी सांगा ना! स्टँडचं लाकूड अगदीच सुमार. जूनमध्ये इथे मेइयूचा म्हणजे इथल्या पावसाळ्याचा पाऊस लागतो तेव्हा काचेच्या आत दमट वाटायला लागलं, मग एसी ड्राय मोडवर ठेवला, बुरशी नाही आली. थेट ऊन मात्र अजिबात नको, रेशमाचा रंग उडतो.

घेताना मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, मशीनचं काम सगळीकडे एकसारखं चमकतं आणि धागाही जाडच राहतो. भारतात न्यायचं असेल तर स्टँड राहू दे, नुसती चौकट हँडबॅगेत टाका.