बाबांच्या पायाला स्टेम सेल, ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगते, हे फुगलेल्या निळ्या नसांचं म्हणजे व्हेरिकोजचं नाही, पायाच्या धमन्या चोंदून रक्तच खाली पोचत नाही त्यासाठीचं आहे. बाबा आडवे झाले की पाय ठणकायचा, मग रात्रभर पलंगावरून पाय खाली सोडून बसायचे, त्यानेच काय तो आराम, आणि अंगठ्याची जखम काळी पडत चाललेली. एबीआय, म्हणजे घोट्याचं ब्लड प्रेशर भागिले दंडाचं, ०.३६ (०.९ च्या वर हवा), अँजिओप्लास्टीत वायरच पुढे जाईना, बायपास जोडायला खाली धड धमनी शिल्लक नाही, म्हणून मग हे.

प्रोसिजर चांगली केली, त्याबद्दल तक्रार नाही. पाठीतून भूल, कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढला, त्यातल्या पेशी वेगळ्या करून त्याच दिवशी पोटरीत टोचल्या. आधी पोटरीवर पेनाने दीड दीड सेंटिमीटरवर ठिपके काढलेले, मी मोजले, ४० भरले. आठवडाभर गेले नाहीत, बाबा म्हणायचे ठिपके जोडा, चित्र होईल. पहिले ४ दिवस पायापेक्षा कंबरच जास्त दुखली.

दोनेक महिन्यांनी बाबा आडवे झोपायला लागले, एबीआय ०.४८ आला. अंगठा गेलाच पण पाय वाचला.

स्टार कापलेत ते काउन्सेलिंगचे. "नवीन रक्तवाहिन्या फुटतात" हे असं सांगितलं की जणू झाडाला पालवी. २००२ चा जपानचा अभ्यास दाखवला, बरं, पण नेदरलँड्सचा २०१५ चा नाही दाखवला, त्यात १६० पेशंट होते, निम्म्यांना पेशी निम्म्यांना नुसतं प्लासिबो (म्हणजे पेशी नसलेलं खोटं औषध), आणि ६ महिन्यांनी पाय कापावे लागण्यात काहीच फरक नाही, दुखणं तर दोन्ही गटांत कमी झालेलं! विचारलं तर म्हणे तिकडे धमनीतून दिलं, आम्ही स्नायूत देतो. असेल, पण मी विचारेपर्यंत गप्प का?

आणि बाबांनी सिगारेट सोडली तीही त्याच आठवड्यात, त्यामुळे नक्की कशाने बरं वाटलं हे मला आजही सांगता येणार नाही. ३ मधला एक स्टार तर ड्रेसिंगच्या सिस्टरांचाच, त्यांनी पहिल्याच दिवशी उशीखालून पाकीट शोधून काढलं आणि बाबांच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकलं.