स्क्रिव्हनर: कथानकाला फळा, पात्रांना फॉर्म

कादंबरी लिहिणाऱ्यांमध्ये स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरचं नाव जुनं आहे. मॅकवर 2007 पासून, आणि तिसरी आवृत्ती विंडोजवर 2021 ला आली. अँड्रॉइडवर नाही. एवढ्या वर्षांत त्याची एक खोड मात्र गेलेली नाही: कथानक हलवणं फार सोपं, पात्र उभं करणं तुमच्यावर.

कॉर्कबोर्डवर, म्हणजे पडद्यावरच्या टाचणी-फळ्यावर, प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड. ते ओढलं की मागचा मजकूरही सरकतो. हात बसला की तासन्‌तास कार्डंच हलवत बसावंसं वाटतं, आणि घात तिथेच. सातवं कार्ड बाराव्या जागी नेऊन पाहा. मागच्या-पुढच्या कशालाच धक्का लागला नाही, तर तो प्रसंग कुणामुळे घडत नाहीये, नुसता घडतोय. 'तात्यांना कळतं, भावाने जमीन विकली' हे कार्ड कुठेही बसतं. त्याऐवजी लिहा: 'भावापुढे विचारायला जायला नको म्हणून तात्या गुपचूप तलाठ्याकडून सातबारा काढतात.' आता ते भावाशी उघड भांडण झाल्यानंतर लावून बघा. बसत नाही, कारण तात्यांचा ताठा आडवा येतो. असं अडणारं कार्ड चांगलं.

पात्रांसाठी 'नॉव्हेल' टेम्प्लेटमध्ये तयार कॅरेक्टर स्केच येतो: व्यवसाय, दिसणं, सवयी, पूर्वायुष्य वगैरे. सरकारी अर्जासारखा. अंतर्गत संघर्षाचा रकाना खाली आहे, तोवर माणूस डोळ्यांचा रंग भरून दमलेला असतो. बाइंडरच्या (बाजूच्या फाइलींच्या यादीच्या) तळाशी 'टेम्प्लेट शीट्स' फोल्डरमध्ये तो फॉर्म उघडा आणि तीनच प्रश्न ठेवा: याला काय हवंय, ते मिळवायला काय करणार नाही, आणि कुणापुढे खोटं बोलतो. हे पहिलं पात्र भरण्याआधीच करा. आधी काढलेल्या प्रतींत बदल उतरत नाही.

खरा उपयोगी भाग मेनूत दडलाय. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कस्टम मेटाडेटात, म्हणजे प्रत्येक प्रसंगाला जोडायच्या तुमच्या स्वतःच्या रकान्यांत, 'निर्णय कुणाचा' अशी यादी करा: पात्रांची नावं आणि शेवटी 'योगायोग'. आउटलाइनरमध्ये, म्हणजे प्रसंगांच्या तक्त्यात, हा स्तंभ दाखवा. सलग चार ओळींत 'योगायोग' दिसला की कथानक पात्रांना फरफटत नेतंय. पहिल्या प्रकरणात एखादा योगायोग खपतो, शेवटाकडे नाही. रहस्यकथेत खुनी कोण हे आधी ठरलेलं असतं, म्हणून तिथे कार्डांपासून सुरुवात करायला हरकत नाही. पण संशयितांचे रकाने रिकामे राहिले तर वाचकाला कुणावरच संशय घ्यावासा वाटत नाही.

देवनागरी एडिटरमध्ये नीट चालते. कंपाइल करताना, म्हणजे सगळे तुकडे जोडून अंतिम फाइल काढताना मात्र फॉन्ट स्वतः निवडा, ठरलेल्या मांडणीवर सोडू नका. मॅक आणि विंडोजची लायसन्स वेगळी. चाचणीचे 30 दिवस वापराचे मोजले जातात: आठवड्याला दोनच दिवस बसलात तर पंधरा आठवडे. तेवढ्यात आराखडा दोनदा मोडून होतो.