स्कूल बसचं घर: ट्रॅव्हलर, मिडी की मोठी बस?

रात्री ती उभी कुठे राहणार? जुनी स्कूल बस घेऊन तिचं घर करायचं म्हणणारा कुणी भेटला की मी आधी हेच विचारतो. इंजिन, मॉडेल, भाव सगळं नंतर. ठाण्यात माणसाला कुठेतरी जागा मिळून जाते, तीस फुटी गाडीला मिळत नाही.

बहुतेकांनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. पुढे नाक काढलेली पिवळी बस, आत लाकडी पलंग, खिडकीत कुंडी. त्या बस ब्लू बर्ड किंवा थॉमस या तिकडच्या कंपन्यांच्या. आठ फूट रुंद, गोलसर टपाच्या, जाड पोलादी कमानींवर उभ्या. घोडबंदर रोडवर सकाळी साडेसहाला सोसायटीच्या गेटपाशी हॉर्न देणारी आपली बस निराळी आहे: चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा आणि खिडक्याच खिडक्या. त्यामुळे तिकडचे सल्ले इथे निम्मेच लागू पडतात.

आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि बायकोने, दोन वर्षांपूर्वी कोलशेतपासून तळोज्यापर्यंत अकरा गाड्या पाहिल्या. चार महिने लागले. शेवटी एक आयशर घेतली. पुढे जे लिहितोय ते त्या अकरा गाड्यांवरून, आणि घेतल्यावर जे कळलं त्यावरून.

आपल्याकडे घरासाठी घेण्यासारख्या तीन जाती. पहिली फोर्स ट्रॅव्हलर. दुसरी मिडी, म्हणजे आयशर, टाटाची ४०७ किंवा ७१२च्या चॅसीवरची (खालच्या सांगाड्यावरची), स्वराज माझदा वगैरे. साधारण तीस-पस्तीस सीटची. तिसरी मोठी, नऊ मीटरच्या पुढची, टाटाची स्टारबस किंवा अशोक लेलँड.

मोठ्या बसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांच्या कामाची नाही. आतून बघितली की माणूस हरखतो. आम्हीही हरखलो. तळोज्याला एक पाहिली: स्वतंत्र बेडरूम, ओटा आणि चार माणसं बसतील एवढी जागा सहज निघत होती, आणि भाव मिडीपेक्षा फार वर नव्हता. जुन्या मोठ्या बसला गिऱ्हाईक कमी, म्हणून ती स्वस्त दिसते. मग बायकोने विचारलं, "ही आपल्या गल्लीत वळेल का?" वळली नसती. शिवाय ती चालवायला अवजड वाहनाचं लायसन्स लागतं, टायरचा एक जोड बदलायचा तर खिसा हलका होतो, आणि गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून एसटी आली की मागे कोण घेणार? मुरबाड-शहापूरकडे स्वतःची जागा असेल, गाडी तिथे नेऊन लावायची आणि वर्षातून दोनदा हलवायची असेल, तरच मोठी घ्या. मग मात्र तीच घ्या, कारण उभ्या गाडीला चौरस फूटच उपयोगी पडतात.

खरी निवड ट्रॅव्हलर आणि मिडी यांच्यातली.

ट्रॅव्हलरचं इंजिन २.६ लिटरचं, मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ च्या वंशातलं. कुठल्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला ते तोंडपाठ. साध्या लायसन्सवर चालते, ऐरोलीच्या ऑफिसला एखाद दिवस घेऊन गेलात तरी चालून जातं. पण आतून मोजा. मी मोजलेल्या गाडीत रुंदी ५ फूट ९ इंच भरली. दोन्ही बाजूंना फोम आणि प्लाय लावल्यावर उरते साडेपाच फूट. म्हणजे पलंग आडवा टाकता येत नाही, उभा टाकावा लागतो, आणि उभा पलंग गाडीची निम्मी लांबी खातो. मिडीत मला आतून ६ फूट ८ इंच मिळाले. अस्तर लावून ६ फूट ५. पाच फूट आठ इंचांचा माणूस आडवा, पाय न दुमडता झोपतो. मिडी घेण्याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे. कागदावर अकरा इंचांचा हिशोब, पण रोज रात्रीचा.

उंचीचंही तसंच. खाली प्लाय आणि फोम, वर फोम आणि पॅनल, मिळून तीन इंच जातात. टेप मोकळ्या गाडीत लावायची आणि त्यातून तीन इंच वजा करून मगच डोक्याला हात लावायचा.

वजनात मिडीची बाजू आणखी बळकट. १८ मिलिमीटर प्लायची ८ बाय ४ फुटांची एक शीट तीस-पस्तीस किलो भरते. दहा शीट, दोनशे लिटर पाणी, बॅटऱ्या, गादी, भांडी, माणसं अशी बेरीज केली की ट्रॅव्हलरची मागची कमान (स्प्रिंग) बसायला लागते. बत्तीस पोरं आणि त्यांची दप्तरं वाहणाऱ्या मिडीला हे ओझं जाणवत नाही. (कडप्प्याचा ओटा मात्र दोन्हींत विसरा. आमच्याकडे त्यावरून आठवडाभर अबोला होता.)

मिडीचा तोटा लायसन्सपाशी सुरू होतो. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, नाहीतर नाही. एकाच कंपनीच्या दिसायला सारख्या दोन गाड्यांपैकी एक आत आणि एक बाहेर असू शकते, म्हणून मालकाच्या बोलण्यावर न जाता आरसीवरचा (नोंदणीपत्रावरचा) आकडा वाचा. दुसरा तोटा पार्किंगचा. आमच्या सोसायटीत कमानीखालून ती जातच नाही. पण एक सांगतो, पोडियम पार्किंगमध्ये (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या) ट्रॅव्हलरही शिरत नाही. उघड्यावरची जागा दोघींनाही लागते. ट्रॅव्हलरला ती एका मोठ्या कारपेक्षा थोडी जास्त, मिडीला दोन गाड्यांची. सेक्रेटरीशी बोलणं टोकन देण्याआधी करा.

घाटात आमची आयशर ३.३ लिटरच्या इंजिनावर माळशेज चढते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे रांग लावून, पण चढते. ट्रॅव्हलर जरा चपळ. स्कूल बसला वेगनियंत्रक असतोच, त्यामुळे ट्रायल घेताना गाडी चाळिशीपुढे जात नाही म्हणून इंजिन कमजोर समजू नका.

आता मीटरबद्दल. शाळेची बस दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर धावते, तेही शाळेच्या दोनेकशे दिवसांत. दहा वर्षांच्या गाडीचं मीटर लाख-सव्वा लाख दाखवतं आणि ऐकून बरं वाटतं. पण ते सगळे किलोमीटर कासारवडवली ते माजिवड्याच्या कोंडीतले: क्लच दाब, सोड, ब्रेक मार. इंजिन त्या मानाने तरुण, क्लच प्लेट आणि ब्रेक ड्रम म्हातारे. हे सगळं बदलता येतं. कळंबोलीत गाडी टाकली की इंजिनसुद्धा खोलून बांधून मिळतं. गंजलेला सांगाडा मात्र कुणी बांधून देत नाही, आणि खाडीकाठच्या या हवेत गाडी मरते ती गंजानेच.

म्हणून मी गाडी बघायला जातो तेव्हा खिशात तीन गोष्टी असतात: टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि फ्रिजच्या दारावरचं चुंबक. चुंबक खिडक्यांच्या खालच्या पट्टीवरून फिरवायचं. चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटीचा भराव आहे. (पुढचा आणि मागचा चेहरा अनेक गाड्यांत फायबरचा असतो, तिथे ते चिकटणारच नाही, घाबरू नका.) मग मागच्या चाकाच्या वरची रबरी चटई उचलायला सांगायची. मालक कुरकुर करतो. करू द्या. बाळकुमला एका गाडीत चटई उचलली तर खाली प्लाय काळा पडलेला. स्क्रू ड्रायव्हरने हळूच टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून टायर दिसला. बाहेरून त्या गाडीला नवा पिवळा रंग होता, इतका ताजा की हाताला वास लागला. तिथून पुढे मी ताजा रंग मारलेली गाडी बघायलाच जात नाही.

खिडक्यांचे खालचे रूळ बोटाने चाचपून बघा. पाणी बाहेर जायची भोकं कचऱ्याने बुजली की पाणी आतल्या पत्र्यातून खाली उतरतं आणि खांब मुळाशी कुजतो. मिडीला एका बाजूला सहा-सात खिडक्या, त्यामुळे तेवढ्याच गळतीच्या जागा. ट्रॅव्हलरला त्या कमी, आणि गंजाच्या बाबतीत ती मला सरसकट बरी दिसली. आमच्या आयशरच्या निम्म्या खिडक्या आम्ही पत्रा लावून कायमच्या बंद केल्या. दुपारची धग त्यानेच कमी झाली. मागचं संकटकालीन दार मात्र ठेवा. आमचं स्वयंपाकघर त्या दारापाशी आहे, फोडणीचा ठसका थेट बाहेर जातो.

कुठल्या सालची घ्यावी? एप्रिल २०१७ ते मार्च २०२० मधली बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचं आधीचं मानक) डिझेल मला सगळ्यात सोयीची वाटते. बीएस ६ ला धुराड्यात फिल्टर आला. तो साफ राहायला गाडी लांब, सलग पळवावी लागते, आणि शाळेच्या फेऱ्यांत ती कधीच तशी पळलेली नसते. पण २०१७ ते २० च्या गाड्यांची एक मेख आहे. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि या गाड्या जवळजवळ दोन वर्षं मोकळ्या मैदानात, दोन पावसाळे खात उभ्या राहिल्या. "फार चाललेली नाही" असं मालक सांगतो ते खरंच असतं. वायरिंगचा काही भाग उंदरांनी खाल्लेला असतो, हेही खरं असतं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी तो टायर घाटात नेऊ नका.

सीएनजी गाड्या मुंबई-ठाण्यात खूप, आणि भावाला बऱ्या मिळतात. घरासाठी मी नको म्हणेन. सिलिंडर खाली बसवलेले असतील तर पाण्याच्या टाक्यांची जागा जाते, दर तीन वर्षांनी त्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) आलीच, आणि कोकणात उतरल्यावर पंपाच्या रांगेत सुट्टी संपते.

कागदांना मात्र वेळ द्या, कारण इथे पारडं फिरू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन (आत राहता येईल अशी गाडी) हा बिगर-वाहतूक वर्ग कायद्यात आहे, मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानकही आहे. पण सीट काढून पलंग टाकला म्हणजे बस आपोआप त्या वर्गात गेली असं होत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी कॅरॅव्हॅन बांधणारा गाठा, त्याच्याकडे कुठल्या चॅसीची मंजुरी आहे आणि जुन्या गाडीवर काम करून देणार का ते विचारा, आरटीओत जाऊन लेखी परवानगीचं बघा, आणि मगच गाडी शोधा. आम्ही आधी गाडी घेतली. ती चार महिने शेडमध्ये सीटशिवाय उभी होती आणि मी एमएच ०४च्या, म्हणजे ठाणे आरटीओच्या, ऑफिसात. भाड्याच्या कॅरॅव्हॅन आपल्याकडे ट्रॅव्हलरवर बांधलेल्या सर्रास दिसतात, तेव्हा कागदांची धावपळ नको असेल त्याने ट्रॅव्हलरकडेच बघावं, पलंग उभा टाकावा लागला तरी.

बाकी नेहमीचं: बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, एमएच ०४ची गाडी एमएच ४३ला (नवी मुंबईला) न्यायची तर २८ची एनओसी. परमिट सरेंडर केल्याचा कागद आणि थकलेली ई-चलानं विक्रेत्याकडूनच मिटवून घ्या. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी स्वस्त असली तरी सोडा. २०२२ मध्येच त्यापुढच्या बसच्या फिटनेसची फी कित्येक पटींनी वाढली.

तर दोघंच असाल, महिन्यातून दोन शनिवार-रविवार निघणार असाल आणि शहरात रोज नोकरी असेल, तर ट्रॅव्हलर. महिना-महिना बाहेर राहायचं असेल, उघड्यावर जागा मिळत असेल आणि आरटीओच्या खेपांना कंटाळणार नसाल, तर मिडी. आमची मिडी आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी मी मिडीच घेईन, फक्त कागद आधी करेन.

भाव एप्रिल-मेमध्ये बरा मिळतो. शाळेचं वर्ष संपलेलं असतं, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) तोंडावर आलेलं असतं आणि मालकाला त्यात पैसे घालायचे नसतात. पण त्या महिन्यांत सगळ्याच गाड्या कोरड्या ठणठणीत. तेव्हा सौदा ठरवण्याआधी गाडी वॉशिंग सेंटरवर न्या, आत खिडक्यांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, टपावर दहा मिनिटं पाइप धरायला सांगा, आणि तोवर मालकाबरोबर बाहेर चहा घ्या. मग आत जाऊन कुठला पेपर भिजला ते बघा.